डावखुरा

ट्वीडच्या मुखाशी, जिथं हेरिंगची पिंपं उतरतात,
त्या गल्लीतल्या गुत्त्यात शनिवारी एक बाई गाणी विकते.
एका पेनीला एक कागद. आधी म्हणून दाखवते, मग विकते.
काल तिनं लँटी ट्विझलचं गाणं काढलं.

  आई खिळली अंथरुणाला, निरोप आला त्याला,
  गस्त चुकवुनी, नदी पोहुनी, लँटी घरला गेला.

लँटीला पोहता येत नव्हतं.
त्यानं दोन सदरे विकले, सरकारी,
आणि बुटांचा एक जोड, तोही सरकारी.
कशासाठी विकले ते कोर्टातसुद्धा कुणी विचारलं नाही.
दीडशे फटके, कागदावर सही, पुढचा खटला.

गाण्यातला मेजर काळ्या काळजाचा आहे.
आमच्या मेजरला पडसं झालं होतं.
नाक पुसायचा, घड्याळ बघायचा,
पुन्हा नाक.

मार्च महिना. बराकीच्या चौकात दव गोठलेलं.
तीन भाले वर बांधून केलेला तिकोना,
आणि त्याला बांधलेला लँटी.
पाठीवर तांबूस ठिपके, खांद्याखाली भाजल्याची जुनी खूण.
दाढ सुजली होती त्याची.
चामड्याचा तुकडा देऊ लागले तेव्हा म्हणाला,
उजवीकडून द्या, डावीकडे ठणकतंय.

मी सोळा वर्षांचा, पलटणीचा ढोलवाला.
चाबूक ढोलवाल्यांनीच चालवायचा असा नियम.
ढोल वाजवणाऱ्याचं मनगट तयार असतं, म्हणायचे.
पहिले पंचवीस राल्फ हेस्लॉपचे. तो उजवा.
पुढचे पंचवीस माझे. मी डावखुरा.
डावखुऱ्याला मुद्दाम मागून घेत,
म्हणजे आधीच्या वळांवर आडवे वळ उठतात.
माझ्या मागं ढोल-मेजर, हातात वेताची छडी.
माझा हात हलका पडला की ती माझ्या पोटऱ्यांवर.
दोनदा पडली.
तिसऱ्यांदा पडली नाही.

  तिनशे फटके, तरी न फुटली ओठांमधुनी हाय,
  शेवटचा तो शब्द बोलला, 'सांभाळा हो माय!'

राल्फच्या दुसऱ्याच फटक्याला लँटी ओरडला होता.
चामडं खाली पडलं, कुणी उचललं नाही.
माझ्या आठव्याला त्यानं मान वळवायचा प्रयत्न केला,
कोण मारतंय ते बघायला असेल.
एकशे चौतिसाव्याला डॉक्टरांनी हात वर केला.
शेवटचा शब्द वगैरे काही नाही, कारण तो मेलाच नाही.
उन्हाळ्यात तो कंपनीच्या मुदपाकात बटाटे सोलत होता.
मला वाढताना डाव जरा भरून वाढायचा.
ते का, हे मी चाळीस वर्षं चघळतोय.

बाईला विचारलं, यात ढोलवाल्याचं नाव आहे का?
ती म्हणाली, ढोलवाल्याला कुठलं नाव, आजोबा,
फटका कुणाचाही असो, चालीत बसला म्हणजे झालं.
पण चाल चुकली होती तिची.
भरभर म्हणत होती, नाचाला म्हणतात तशी,
आणि कोळ्यांची पोरं पाय आपटत होती.

मी पेनी टेबलावर ठेवली
आणि डाव्या हाताच्या बोटांनी ठेका धरला.
खरा.
एक. मग एक श्वास पूर्ण घ्यायचा, पूर्ण सोडायचा.
दोन. तेवढ्या वेळात चाबकाची शेपटं बोटांनी विंचरायची.
तीन.
बाई अडखळली, माझ्याकडं बघितलं,
आणि माझ्या ठेक्यावर आली. चांगली गाणारी होती.
एकेक शब्द लांबत गेला.
पोरांचे पाय थांबले. गुत्तेवाल्यानं नळ बंद केला.
सतरा. अठरा.
गाणं संपलं तरी माझा हात चालूच.
पंचविसाव्याला थांबलो.
पंचवीस झाले की माणूस बदलायचा, असा नियम होता.
मी मान वर करून बघितलं.

पुढचा कोण, म्हणून.